चिनी मित्र इंग्रजी बोलताना डोक्यात आधी चिनी शब्द शोधतो का?

जुरोंगकर:
मंडळी, सिंगापूरला येऊन मला नऊ वर्षं झाली. टीममधला एक जण मूळचा छंगदूचा, इंग्रजी उत्तम, मेल तर आमच्या सगळ्यांपेक्षा छान लिहितो, पण मीटिंगमध्ये बोलता बोलता एखाद्या साध्याच शब्दावर अडतो आणि तेवढ्यात कोणीतरी त्याचं वाक्य पूर्ण करून टाकतं. मला ते बघून फार वाईट वाटतं. मॅनेजर बाईंबद्दल सांगताना "शी सेड"च्या जागी "ही सेड" येतं, पाढे अजून चिनीतच म्हणतो, आणि आईशी फोनवर चिनीत बोलताना डेडलाइन, अपडेट हे मात्र इंग्रजीत. म्हणजे याच्या डोक्यात आधी चिनी शब्द येतो आणि मग भाषांतर होतं का? की दोन भाषांची दोन वेगळी कपाटं असतात?

शब्दवेडी:
कपाटं वेगळी नसतात. यावरचे काही सुंदर प्रयोग चिनी-इंग्रजी बोलणाऱ्यांवरच झालेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. 1984 मध्ये मेरी पॉटर आणि सहकाऱ्यांनी दोन कामं दिली, चित्र बघून इंग्रजीत नाव सांगा आणि चिनी शब्द बघून त्याचं इंग्रजी सांगा. चित्राचं नाव जर चिनीतून वळसा घेऊन येत असेल तर त्याला चांगलाच जास्त वेळ लागायला हवा ना, पण तसं झालं नाही, वेळ साधारण सारखाच लागला. म्हणजे अर्थाकडून इंग्रजी शब्दाकडे थेट वाट आहे.

पण चिनी झोपलेली असते असं नाही! वेल्समधल्या बँगर युनिव्हर्सिटीत त्येरी आणि वू यांनी 2007 मध्ये इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवून एवढंच विचारलं की अर्थाचा काही संबंध आहे का. त्यातली एक जोडी ट्रेन आणि हॅम. अर्थाने काही संबंध नाही, पण चिनीत ट्रेन म्हणजे हुओछ आणि हॅम म्हणजे हुओथ्वेइ, दोन्हीत "हुओ" म्हणजे आग. (हुओछ म्हणजे शब्दशः आपली आगगाडीच!) बटण दाबण्यात काही फरक दिसला नाही, लोकांना तो सारखेपणा जाणवलाही नाही, पण डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडना फरक दिसला. एकही चिनी शब्द समोर नसताना मेंदूने तो जागा केला होता. 2010 मध्ये त्यांनीच दाखवलं की जागा होतो तो चिनी शब्दाचा उच्चार, लिहिलेलं अक्षर नाही.

कोकणी_मेवा:
मी शांघायला चार वर्षं होते, त्या "ही सेड"चं मी सांगते. बोलीत तो आणि ती दोघांनाही "था"च, फरक फक्त लिहिताना दिसतो, त्यामुळे बोलायच्या आधी बाई की पुरुष हे ठरवायची सवयच नसते. कृपया त्याला दर वेळी टोकू नका. उलट कझिन म्हणताना त्यालाच अपुरं वाटत असेल, कारण चिनीत चुलत भावंडं "थांग" आणि आते-मामे-मावस सगळी "ब्याओ", शिवाय मोठा की धाकटा, भाऊ की बहीण हे शब्दातच येतं.

दादरचा_दाद्या:
अडण्याचं कारण मला वाटतं शब्द कमी पडणं नसून एकाच अर्थाला दोन शब्द हजर असणं हे आहे, आणि त्यातला एक दाबावा लागतो. मॉयटर आणि ऑलपोर्ट यांचा 1999 चा प्रयोग आहे, चिनी लोकांवरचा नाही पण इथे लागू पडतो, आकडे वाचताना मध्येच भाषा बदलायची, तर पक्क्या भाषेकडे परत येतानाच जास्त वेळ लागत होता. कारण पक्की भाषा दाबून ठेवायला जोर जास्त लागतो, मग ती सोडायलाही वेळ लागतो. दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलून लगेच आईला फोन केला की डेडलाइनच तोंडात येणार ना.

शब्दवेडी:
दाद्या, अगदी. आणि एक राहिलं, त्येरी-वू यांनाच 2012 मध्ये दिसलं की हिंसेसारखे नकोसे इंग्रजी शब्द वाचताना चिनी जागी होत नाही. चांगले आणि साधे शब्द मात्र जागी करतात. मला हे वाचून गलबलून आलं होतं, दुखरं काही असलं की मेंदू मातृभाषेचं दारच लावून घेतो.

जुरोंगकर:
सगळ्यांचे खूप आभार. आज जेवताना त्याला आगगाडीचं सांगितलं, तो केवढा खूश झाला, मग अर्धा तास थांग-ब्याओ आणि चुलत-मावस चाललं होतं, आणि त्या अर्ध्या तासात तो एकदाही अडला नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये थांबला तेव्हा शेजारचा बोलायला लागला होता, मी हाताने खूण करून त्याला थांबवलं. शब्द आला त्याचा त्यालाच, "टेंटेटिव्ह" म्हणायचं होतं.