सगळं आधीच ठाऊक होतं, तरी क्रीट गेलं कसं?

दप्तरी:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की शत्रूचा बेत आधी कळला तर छत्रीधारी सैन्य आयतं मरतं. मग ग्रीसच्या क्रीट बेटाचं काय? ब्लेचली पार्कने, म्हणजे ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्राने, जर्मन संदेश फोडले होते. हल्ला कुठे, कसा, साधारण कधी, सगळं बेट राखणाऱ्या दोस्त फौजेचा सेनापती फ्रायबर्ग याच्या हातात. २० मे १९४१ ला छत्र्या उतरल्या, मालेमे विमानतळाभोवती जर्मनांची कत्तल झाली, आणि तरी बेट गेलं! कारण साहेबांची नजर समुद्रावर. किनारा राखायला बसवलेली माणसं विमानतळावर हवी होती.

रानवाटा:
फ्रायबर्गला झोडपणं फार सोपं आहे. दुसरीकडून दुजोरा मिळाल्याशिवाय त्या माहितीवर हालचाल करायची नाही, असा हुकूम होता म्हणे. त्याच्या मुलानेच हे मांडलंय. आणि मालेमे विमानतळावर नजर ठेवणारी १०७ टेकडी सोडली ती अँड्र्यूच्या न्यूझीलंडी बटालियनने, कंपन्यांशी संपर्क तुटल्यावर, रातोरात. दुसऱ्या दिवशी मालेमेवर जर्मन विमानं उतरायला लागली. यात हेरखात्याचा काय दोष?

दप्तरी:
मुलगा वडिलांची बाजू घेणारच. हा काय पुरावा झाला?

पाटील_सातारा:
क्रीट क्रीट काय लावलंय? आताच्या बांगलादेशातलं टांगाईल कुणाला आठवतं का? ११ डिसेंबर १९७१. आपल्या सैन्याची दुसरी पॅरा, म्हणजे छत्रीधारी बटालियन, मूळची तिसरी मराठा. माझे मामा होते त्यात. संध्याकाळी उतरले, सामान तळ्यांत पडलं, गावकऱ्यांनीच ओढून काढलं, दारूगोळा डोक्यावर वाहिला. त्याच रात्री पुंगलीचा पूल ताब्यात. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट अडवली. उतरली एक बटालियन, बातमी पसरली अख्ख्या ब्रिगेडची!

टिपणवही:
पाटील, प्रत्येक धाग्यात मामा आणू नका. विषय क्रीटचा आहे.

पाटील_सातारा:
मामांचा अपमान करायचा नाही. तुमच्या घरातलं कोण उतरलं होतं कुठे?

रानवाटा:
थांबा, पाटलांचा मुद्दा विषयातलाच आहे. टांगाईलला आपले कॅप्टन घोष आधीच जाऊन मुक्तिवाहिनीच्या कादर सिद्दिकींच्या लोकांना भेटले होते. जागा पाहिलेली, माणसं आपली. क्रीटला जर्मन हेरखात्याने सांगितलं, फौज पाचेक हजार, लोक स्वागत करतील. निघाली कितीतरी पट, आणि शेतकरी कोयते घेऊन अंगावर आले. आंधळे जर्मनच होते.

दप्तरी:
आणि आंधळे असूनही जिंकले! मी तेच म्हणतोय.

रानवाटा:
जिंकले, पण इतकी माणसं गमावून की हिटलरने पुन्हा तसा मोठा हल्ला होऊ दिला नाही. बरं, किनाऱ्याचं तुमचं मान्य. तेवढंच.