रेडला मराठीत काय म्हणायचं? छापा, धाड, स्वारी की अजून काही?

मुठाकाठ
मदत हवी आहे. आमचा पुण्यात पोकेमॉन गो, म्हणजे बाहेर फिरून पोकेमॉन पकडायचा फोनवरचा खेळ, खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे, त्यात सात-आठ काका-काकू आहेत. त्यात रेड म्हणजे जिमवर, म्हणजे नकाशावरच्या ठरलेल्या जागी, आलेल्या एका मोठ्या पोकेमॉनशी सगळ्यांनी मिळून लढणं. नातवंडांबरोबर सुरुवात केली आणि नातवंडं सोडून गेली तरी हे खेळतायत. इंग्रजी सूचना पाठवल्या की प्रत्येकाचा वेगळा फोन येतो, म्हणून मी मराठीत एक पान लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला अडले. लिहिलं होतं, 'बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ बागेच्या दारातल्या जिमवर छापा आहे, अजून तीन जण लागतील'. एका काकूंच्या मिस्टरांनी हा मेसेज वाचला आणि कुणावर छापा आहे, तू त्यात कशाला, असं गंभीरपणे विचारलं. काकू म्हणाल्या अगं छापा पोलिसांचा असतो, आपण धाड म्हणू. माझी आई म्हणते धाड दरोडेखोरांची, आणि लहानपणी 'काय धाड भरलीय तुला' एवढ्याच अर्थाने मी तो शब्द ऐकलाय.
तर रेडला शब्द कोणता? आणि त्याहून जास्त अडलंय ते पुढे: रेड जॉइन करणे, इनव्हाइट, होस्ट, लॉबी हे काकूंना कळेल असं कसं लिहू? रविवारपर्यंत पान द्यायचंय.

जुना_हीलर
मोहीम लिहा. मी वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातला, आमच्या वेळेला मोल्टन कोर नावाच्या रेडला चाळीस माणसं लागायची आणि ती गोळा करणं हेच अर्धं काम. शहरात उभं राहून चॅटमध्ये ओरडायचं, जखमा भरणारे दोन हीलर हवेत, मार झेलणारा एक टँक हवा, रात्री साडेदहाला सगळे जमले की कुणाची तरी लाईट जायची. २०११ ला रेड फाइंडर आलं, बटण दाबलं की यंत्रच अनोळखी माणसं जोडून देतं, सोय झाली पण ओळखी व्हायच्या थांबल्या. मोहिमेत तयारी आली, सरदार आला, आठवडे आले. छाप्यात हे काहीच नाही.

मुठाकाठ
जुना_हीलर, तुमची रेड तीन तासांची असेल, आमची पाच मिनिटांत संपते हो. पाच तारेवाल्या रेडला घड्याळच ३०० सेकंदांचं असतं. एवढ्याला मोहीम म्हणजे जास्त होतंय.

तांबडी_माती
कबड्डीत रेडला चढाई म्हणतात की! रेडर म्हणजे चढाईपटू. पेपरात रोज छापून येतं, नवीन शब्द शोधायची गरजच काय. कोल्हापुरात शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

वेंगुर्लेकर
पण चढाईत एकटा गडी सात जणांवर जातो, दम धरून. इथे वीस जण मिळून एकावर जातात, म्हणजे बरोबर उलटं. मी खेळतो म्हणून सांगतो, हे पारधीसारखं आहे. आजोबा सांगायचे, शिमग्याच्या दिवसांत अख्खा गाव हाकाऱ्याला निघायचा, चारी बाजूंनी घेरायचं. रेडमध्येही आधी सगळे मिळून त्या मोठ्या पोकेमॉनला, बॉसला, दमवतात आणि मग तो हरला की प्रत्येकजण आपापल्या बॉलने आपापला पकडतो, कुणाला मिळतो, कुणाच्या हातून सुटतो. इतकी नेमकी पारध दुसरी नाही.

निर्मळवाणी
मोहीम अरबी, स्वारी फारसी. धाड आपला आहे, संस्कृत धाटीवरून आलेला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना, की कारभारातले फारसी शब्द जाऊन आपले यावेत? घरात सोनं असताना उसनवारी कशाला, हे मला खरंच कळत नाही. दरोडेखोरांनी शब्द वापरला म्हणून तो त्यांचा होत नाही.

जुना_हीलर
अहो पण कोश झाला तरी मोहीम गेली का? साडेतीनशे वर्षं झाली, मराठे मोहिमेवरच जात राहिले. जो शब्द तोंडात राहिला तो आपलाच.
बाकी धाडीबद्दल एक गोष्ट मात्र मान्य. वॉरक्राफ्टमध्ये रेड म्हणजे हल्लाही आणि ती माणसंही, 'आपली रेड भरली' म्हणजे चाळीस जण झाले. टोळधाड म्हणतो तेव्हा धाड म्हणजे तो थवाच असतो. हा दुहेरी अर्थ मोहिमेत नाही, स्वारीतही नाही.

ऱ्हाइनकाठ
स्वारीत नाही कसा? माझी आजी आजोबांना स्वारी म्हणायची, 'स्वारी जेवायला बसली का'. माणूस आणि जाणं दोन्ही त्यात आहे.
आणि मला स्वारीच का पटतो ते सांगते. इंग्रजी रेड हा शब्द मुळात घोडदौडीचा, जुन्या इंग्रजीत 'राद' म्हणजे घोड्यावरून जाणं, त्याचंच एक रूप रोड झालं आणि स्कॉटलंडकडचं रूप रेड. सवारवरून स्वारी, अगदी तीच वाट. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता घोड्यावरच्या माणसावरून हल्ल्याला नाव दिलं, हे वाचलं तेव्हा मी चहा विसरले होते. भाषांतर करताना असा जोड क्वचित मिळतो.

तांबडी_माती
मूळ घोडा असेल, पण काकू चालत जातात ना जिमवर? मूळ बघून शब्द ठरवायचा तर गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, म्हणून खिडकी बंद करायची का.

मुठाकाठ
छाप्याबद्दल मला आता पटलंय. लाल महालावरचा छापा म्हणतो कारण रात्री, मोजक्या माणसांनी, शाइस्तेखानाला पत्ता न लागता. आमच्याकडे तर जिमवर तासभर आधी बॉसचं अंडं दिसायला लागतं, वर टायमर चालू असतो, सगळ्या गावाला माहीत असतं. अचानकपणा काहीच नाही. छापा बाद.
पण कृपा करून कुणीतरी जॉइन करण्याचं सांगा ना.

वेंगुर्लेकर
आधी लिंग ठरवा. माझा पुतण्या 'तो रेड' म्हणतो, कानाला टोचतं. इन्कम टॅक्सची रेड पडली असंच म्हणतो ना आपण? धाड, स्वारी, मोहीम, चढाई, पारध सगळ्या स्त्रीलिंगीच, फक्त छापा पुल्लिंगी. म्हणजे रेड आली ती मैत्रिणींच्या घोळक्यात येऊन बसली.

ऱ्हाइनकाठ
मग धाडीला, तसं रेडीला म्हणायचं का? आणि आज तीन रेडी केल्या?

वेंगुर्लेकर
रेडीला म्हटलं की आमच्याकडे माणूस थेट गणपतीच्या दर्शनाला निघेल, रेडी आमच्या शेजारी. नाही, बोलताना सगळे 'रेडला ये', 'तीन रेड केल्या' असंच म्हणतात, शब्द बदलत नाही. परक्या शब्दांचं असं होतं, बस बघा, बसला, बसमध्ये, दोन बस आल्या.

निर्मळवाणी
बसेस म्हणणारेही आहेत, आणि उद्या रेड्स म्हणतील. म्हणूनच आपला शब्द लागतो, त्याला आपलं अनेकवचन असतं. धाडी. बघा किती सहज आलं.

तांबडी_माती
मुठाकाठताई, इनव्हाइटला आवतण लिहा. आमच्याकडं अजून लग्नाचं आवतण धाडतात. धाड आणि धाडणे एकाच घरातले असतील असं मला कायम वाटत आलंय, माणसं धाडली की झाली धाड.

ऱ्हाइनकाठ
आवाज सारखा म्हणून नातं जोडू नका, धाडणे म्हणजे साधं पाठवणे. आवतण मात्र फार आवडला. २०२० ला लॉकडाऊनमध्ये लांबून रेडमध्ये जायचा रिमोट पास आला तेव्हापासून मी इथून जर्मनीतून पुण्यातल्या मैत्रिणीच्या रेडमध्ये जाते. माझ्याकडे दुपार, तिच्याकडे दिवेलागण. फोन थरथरतो, तिचं नाव दिसतं, बोट लावलं की मी तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळाच्या जिमवर उभी. लॉबीत, म्हणजे रेड सुरू व्हायच्या आधी थांबायच्या जागेत, दोन मिनिटं असतात, तेवढ्यात एकेक चेहरा येत जातो, मी फक्त मोजत बसते. २०२३ ला दिवसाला पाचच रिमोट रेड केल्या आणि पासही महाग केला, तेव्हा आम्ही दोघी खूप वेळ फोनवर बोललो. त्या निरोपाला इनव्हाइट म्हणवत नाही, आवतणच आहे ते.

जुना_हीलर
लॉबीला देवडी. वाड्याच्या दाराशी आत सोडेपर्यंत थांबायची जागा. होस्टला यजमान.

मुठाकाठ
यजमान म्हटलं की काकूंना मिस्टर आठवणार. पण देवडी छान आहे.
मीच आता एक सुचवते. काल खाली मुलं खेळत होती, एक नवीन मुलगी बाजूला चप्पल घासत उभी होती, बराच वेळ उभी राहून हळूच म्हणाली, 'मला डावात घ्याल?' मला वाटलं हेच तर आपण ग्रुपवर रोज विचारतो. रेड जॉइन करणे म्हणजे डावात येणे, इनव्हाइट करणे म्हणजे डावात घेणे, आणि 'तीन भिडू कमी आहेत'. काकूंना समजावून सांगावंच लागणार नाही.

वेंगुर्लेकर
भिडू फक्कड. पण मग रेडला डाव म्हणणार? डाव कुठल्याही खेळाचा असतो. जिमवरचं साधं भांडण आणि रेड यात फरक कसा करणार?

निर्मळवाणी
धाडीचा डाव.

जुना_हीलर
मोहिमेचे भिडू.

तांबडी_माती
भिडू म्हणजे भिडणारा, तोच खरा लढाईचा शब्द आहे. आणि ज्याची लेव्हल कमी आहे, पोकेमॉन बारकुडे आहेत, ज्याला बाकीचे ओढून नेतात, त्याला लिंबूटिंबू. आमच्याकडं असा गडी आउट झाला तरी धरायचा नाही, पण खेळू द्यायचं. इंग्रजीत त्याला ओझं उचलल्यासारखं कॅरी म्हणतात, त्यापेक्षा आपला शब्द मायेचा आहे.

ऱ्हाइनकाठ
आम्ही दादरला कच्चा लिंबू म्हणायचो. लिंबूटिंबू म्हणजे बारकी पोरं, सगळी मिळून. एकट्याला लिंबूटिंबू कुणी म्हणत नाही.

तांबडी_माती
म्हणतात की. मी स्वतः चार वर्षं होतो.

वेंगुर्लेकर
दूधभात. आमच्याकडे दूधभातच. 'त्याला दूधभात आहे' म्हणजे त्याच्यावर राज्य येत नाही.

जुना_हीलर
दूधभात मुंबईहून गेला असणार तुमच्याकडे, गिरणीतली माणसं सुट्टीला गावी जायची त्यांच्या पोरांबरोबर.

वेंगुर्लेकर
उलट का नसेल? गिरणगावात पोरं कुणाची होती?

मुठाकाठ
अंडं फुटायला अकरा मिनिटं आहेत, मी निघते. पानावर सध्या रेडच ठेवलंय आणि खाली 'डावात या' लिहिलंय. काकूंनी आत्ताच उत्तर पाठवलंय, 'मी येते, आणि यांनाही डावात घ्या'.

ऱ्हाइनकाठ
मला आवतण धाड गं, आजची एक शिल्लक आहे.

तांबडी_माती
वेंगुर्लेकर, दूधभातात साखर घालायची का नाही यावरून पण आमच्यात दोन गट होते, साखरवाल्याला एकदाच जीवदान मिळायचं. तुमच्याकडं असं काही होतं का?