गूगलवर वर येण्यासाठी दरमहा पैसे भरणं ही लहान दुकानदाराची लूट आहे (माझं मत, भांडायला या)

सीतलामाता_भाचा

मुद्दा आधी सांगतो, मग कोणाला धावून यायचं ते या. "तुमची वेबसाइट गूगलवर वर आणून देतो" हा जो धंदा सध्या इंदूरभर चालू आहे, तो लहान दुकानाच्या काहीही कामाचा नाही.

मामाचं महेश्वरी साड्यांचं दुकान आहे, सीतलामाता बाजाराच्या मागच्या गल्लीत. आजोबांनी काढलेलं. गेल्या वर्षी एक एजन्सीवाला आला, कोट-बिट घालून. 30 दिवसांत पहिलं पान, लेखी हमी. महिना 15,000. मामाने 8 महिने भरले, म्हणजे 1,20,000 रुपये. दर महिन्याला एक रंगीत पीडीएफ यायची, तिच्यात हिरवे बाण. सगळे बाण वर.

आणि खोटं कशाला बोलू, दुकान पहिल्या नंबरावर आलं! कधी? "बेस्ट ऑथेंटिक हँडलूम महेश्वरी सारी शॉप नियर राजवाडा इंदोर मध्यप्रदेश" हे 10 शब्द ओळीने टाइप केले तर. मामी म्हणाली, एवढं लिहून होईपर्यंत बाई पायी दुकानात येऊन साडी घेऊन घरी पोचेल.

नुसतं "महेश्वरी साडी" टाकलं तर आमचा मागमूस नाही. वर सगळ्या मोठ्या शॉपिंगच्या साइट्स. मामा दर पंधरा दिवसांनी 90 किलोमीटर जाऊन महेश्वरला विणकराच्या ओट्यावर बसून माल घेतो, हे त्या यंत्राला कळणार आहे का? त्याला कळतं ते एकच, कोणी कोणता शब्द किती वेळा लिहिला.

पोहे_जिरावण

भिया, त्या 1,20,000 मध्ये सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत किती गराडू (तळलेला कंद) आले असते याचा हिशोब करून राहिलोय. थंडी संपेल पण हिशोब नाही.

विजयनगर_रात्रपाळी

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे चपला माझ्याच दिशेने येणार हे धरून लिहितो.

शब्द किती वेळा लिहिला यावर नंबर लागणं ही फार जुनी गोष्ट झाली. गूगलची सुरुवातच त्याच्या उलट विचारातून झाली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 च्या आसपास जे मांडलं ते साधं होतं: एखाद्या पानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात, म्हणजे दुवा (लिंक) देतात, आणि बोट दाखवणाऱ्यांना स्वतःला किती वजन आहे, ते बघा. पानाच्या पोटात लपवून कीवर्ड्स भरायचा जो टॅग असतो, तो क्रमासाठी आपण वापरतच नाही असं गूगलने 2009 मध्ये जाहीर केलं. तरी आजही इंदुरात त्याचे वेगळे पैसे घेणारे आहेत, हे मी लाजत कबूल करतो. पुढे 2011 मध्ये पांडा नावाचा बदल आला, त्यात पोकळ मजकुराच्या साइट्स आपटल्या. 2012 च्या पेंग्विनने विकत घेतलेल्या दुव्यांवाले झोपवले.

राहिली हमी. पहिल्या नंबराची हमी कोणीही देऊ शकत नाही हे गूगलने स्वतःच्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय. "लेखी हमी" ऐकल्यावर मामांनी चहा पाजून त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण एक वैद्य भोंदू निघाला म्हणून औषधच खोटं, हे मला मान्य नाही.

एक विचारतो. साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन आहे, सर्च कन्सोल. त्याचं खातं कोणाच्या नावावर आहे?

सीतलामाता_भाचा

एजन्सीच्या. का?

विजयनगर_रात्रपाळी

मग दुकान मामांचं आणि गल्ला दुसऱ्याच्या घरी. सर्च कन्सोल फुकट असतं. लोकांनी काय टाइप केलं, तुमचं पान किती वेळा दिसलं, कितींनी उघडलं, असा मागच्या 16 महिन्यांचा हिशोब त्यात बघता येतो. डोमेन मामांच्या नावावर असेल तर आजच स्वतःचं खातं जोडून घ्या, एजन्सीला विचारायचीही गरज नाही. मग पीडीएफमधले हिरवे बाण त्याच्याशी ताडून बघ.

चकलीवाली_ताई

तुमची ही पानं नि बाण मला कळत नाहीत, पण भाच्याचं म्हणणं पटतं. मी सुदामानगरातून 4 वर्षं फराळाचे डबे देते. वेबसाइट नाहीच. गूगलच्या नकाशावर नोंद केली, तीही फुकट. वेळ बरोबर टाकली, चकलीचे फोटो स्वतः काढले, उजेडात. दिवाळीच्या आधी 3 आठवडे फोन खाली ठेवता येत नाही. लहान माणसाने बाकी भानगडीत पडूच नये.

एक गुपित सांगते. ज्या गिऱ्हाइकाने 5 तारे दिले, त्याला शंकरपाळ्यांची एक पुडी वर.

विजयनगर_रात्रपाळी

ताई, पहिला परिच्छेद सोन्यासारखा, दुसरा लगेच बंद करा. अभिप्रायाच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमात बसत नाही. अभिप्राय उडवले जातात, कधी नोंदीवरच गंडांतर येतं.

चकलीवाली_ताई

अहो पाहुणचार आहे तो! घरी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं का?

विजयनगर_रात्रपाळी

पाठवू नका. सगळ्यांना द्या. 2 तारेवाल्यालाही द्या. फक्त ताऱ्यांशी पुडीची गाठ मारू नका.

पोहे_जिरावण

2 तारे देऊन शंकरपाळे खाणार. पत्ता पाठवा ताई.

सीतलामाता_भाचा

ताईंच्या नकाशाचं मान्य, तिथे मला काहीच म्हणायचं नाही. पण रात्रपाळी दादा, तुमच्याच बोलण्यात तुमचं उत्तर आहे. ज्याच्याकडे वजनदार लोक बोट दाखवतात तो वर. म्हणजे आधीच मोठा असलेला आणखी मोठा. मामाकडे कोण बोट दाखवणार, शेजारचा फॉल-पिकोवाला? त्याची वेबसाइट नाही. मग ही शर्यत आमच्यासाठी नाहीच, असं सरळ का सांगत नाही? आणि सांगत नाही तोवर पैसे घ्यायचे, याला लूट नाही तर काय म्हणायचं?

विजयनगर_रात्रपाळी

सरळ सांगतो. नुसत्या "महेश्वरी साडी" या शब्दांवर मामा वर येणार नाहीत. मी आणणार नाही, दुसराही आणणार नाही. आणतो म्हणाला तर खोटं बोलतोय.

पण साडी घ्यायला निघालेली बाई नेहमी दोनच शब्द लिहीत नाही. पुण्यातली कोणी विचारते, महेश्वरी हातमागाची आहे की पॉवरलूमची हे कसं ओळखायचं. कोणी विचारते, रेशीम-सुती महेश्वरी घरी धुवायची का. कोणी काठाचं नाव विचारते. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, चटाई, ईंट, लहर अशी काठांची नावं आहेत, किल्ल्याच्या दगडी कोरीव कामातून आणि नर्मदेच्या लाटांवरून ती नक्षी आली असं विणकर सांगतात. हे मामांना झोपेत विचारलं तरी येईल. साइटवर यातलं किती आहे?

सीतलामाता_भाचा

शून्य. एजन्सीने 40 लेख टाकलेत. पहिल्याची सुरुवात, "साडी ही भारतीय स्त्रीची ओळख आहे." बाकीचे 39 पण तसलेच.

विजयनगर_रात्रपाळी

म्हणजे यंत्राकडून घाऊक काढलेले. क्रमासाठी ढिगाने पाडलेला निरुपयोगी मजकूर, माणसाने पाडो की यंत्राने, गूगलने मार्च 2024 पासून स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन घातलाय. त्या 40 लेखांनी फायदा सोडा, उलट ओझं झालं असेल. साइटचा पत्ता मला निरोपात टाक, रात्री बघतो. फुकट.

रामबागचे_नाना

तुम्ही सगळे साड्या आणि चकल्यांत अडकलात. मोठा अन्याय वेगळाच आहे. होळकरांच्या या शहरात मराठी शोधायला गेलं तर मराठी सापडत नाही. आमच्या मंडळाने 2004 साली वेबसाइट केली. 11 वर्षांच्या स्मरणिका चढवल्या. जुन्या इंदूरच्या आठवणी, रामबागेतला गणेशोत्सव, कापड गिरण्यांचे दिवस, सगळं त्यात. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं गूगलमध्ये टाकलं तरी ते सापडत नाही! समोर येतात हिंदी पानं. मराठीला या कंपन्या मुद्दाम मागे ठेवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजयनगर_रात्रपाळी

नाना, रागावू नका, पण ती साइट उघडताना "आधी हा फॉन्ट उतरवून घ्या" असं येतं का?

रामबागचे_नाना

येतं. मग?

विजयनगर_रात्रपाळी

मग तो मजकूर यंत्राच्या लेखी मराठीच नाही. त्या जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं चित्रासारखी बसवलेली असत. तुम्हाला दिसतं "गणेशोत्सव", आत साठवलेलं असतं रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. गूगल ते कडबोळं वाचतो. तुम्ही शोधता ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत. दोघांची गाठ कधी पडणार? मजकूर युनिकोडमध्ये आणला तर तेच वाक्य सापडू लागेल. रूपांतर करणारी साधनं आहेत, फक्त नंतर डोळ्याखालून घालावं लागतं. रफार आणि "ऱ्या" हमखास बिघडतात.

रामबागचे_नाना

20 वर्षं मी कंपनीला शिव्या देतोय.

लोकमान्यनगर_वाचक

मला मात्र नानांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं, फॉन्टचं सोडून. आपण "इंदूर" लिहितो, हिंदीत "इंदौर", आणि फोनवर बहुतेक जण रोमन लिपीतच टाइप करतात. दुकानदाराने मराठीत पान लिहिलं तरी शोधणारा मराठीत शोधतच नाही. मग कोणी लिहील कशाला?

आणि आता तर प्रश्नच मिटला. ऑगस्ट 2024 पासून गूगल भारतात वरच यंत्राने तयार केलेला सारांश दाखवतो. लोक तो वाचतात आणि जातात. खाली कोण पहिला नि कोण दहावा, बघतो कोण? भाच्याच्या मामाने महेश्वरीचा काठ समजावून सांगायचा, सारांशात तो दुसऱ्याने वापरायचा. ही तर लूट नंबर 2.

सीतलामाता_भाचा

लाख बोललात.

विजयनगर_रात्रपाळी

सारांशाचं दुखणं खरं आहे, माझ्या इतर गिऱ्हाइकांचंही तेच रडगाणं आहे. "पैठणी कशी धुवावी" अशा माहितीच्या पानांना आता पूर्वीइतकं कोणी उघडत नाही. पण सारांश वाचून साडी अंगावर येत नाही. घ्यायला कुठेतरी जावंच लागतं.

असो. भाच्या, साइट बघितली. बसला असशील तर वाच.

मुखपृष्ठाचं शीर्षक नुसतं "होम". साड्यांचे फोटो थेट कॅमेऱ्यातून आलेले, एकेक 5-6 एमबीचा. माझ्या फोनवर मुख्य फोटो यायला 9 सेकंद लागले. गूगलच्या मोजमापात अडीच सेकंदांच्या आत आला तर चांगला. किमती आणि काठांची नावं फोटोच्या आत छापलेली, मजकूर म्हणून कुठेच नाहीत. हे सगळं एकवेळ चालून जाईल.

खरी मेख पुढे. साड्यांच्या सगळ्या पानांवर नोइंडेक्स लावलेलं आहे. म्हणजे पानाच्या आतच गूगलला लिहून ठेवलंय की हे पान दाखवू नका. मुखपृष्ठ आणि ते 40 लेख मोकळे, आणि विकायचा माल तेवढा कुलपात. 8 महिने तुम्ही बंद शटरपुढे दिवे लावले.

पोहे_जिरावण

🙏

सीतलामाता_भाचा

थांबा. आत्ता मामाला फोन करतो.

चकलीवाली_ताई

अरे देवा. आणि एजन्सीला 8 महिने दिसलं नाही?

विजयनगर_रात्रपाळी

बघितलंच नसेल. सर्च कन्सोलमध्ये अशा पानांची सरळ यादी येते, "नोइंडेक्समुळे वगळली" म्हणून. उघडून वाचायला 2 मिनिटं लागतात.

आणि घाईघाईत कोणी रोबोट्सच्या फाइलमध्ये (गूगलने साइटवर कुठे शिरू नये ते लिहायची फाइल) ती पानं अडवायला जाऊ नका, एकाने काल विचारलं म्हणून सांगतो. तिथे अडवलं तर गूगल पानात शिरतच नाही, मग नोइंडेक्स काढलंय हेही त्याला कळणार नाही.

सीतलामाता_भाचा

बोललो. साइट बनवणारा पोरगा म्हणतो, "काम चालू होतं तेव्हा लावलं होतं, काढायचं राहिलं." आता काढलंय. पानं परत तपासायची विनंतीही टाकली.

पण माझं मत मी मागे घेत नाही. उलट पक्कं झालं. जे बिघडलं होतं ते एका माणसाने एका रात्रीत, फुकटात शोधलं. काठांबद्दल लिहायचं तर मामाच लिहिणार. उजेडात फोटो काढायचे तर मामीच काढणार. नकाशावरची नोंद ताईंनी सांगितली तशी मी करणार. मग दरमहा 15,000 कशाचे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

विजयनगर_रात्रपाळी

दरमहाचे नाहीतच, तिथे मी तुझ्या बाजूचा. 20-25 साड्यांच्या दुकानाला एकदा नीट तपासणी, एकदा दुरुस्ती, आणि 6 महिन्यांनी परत एक नजर. त्याचे पैसे द्यावेत. ज्यांच्या साइटवर हजारो वस्तू रोज बदलतात त्यांना कायमचा माणूस लागतो. तू दोघांना एकाच तागडीत तोलतोयस, एवढीच तक्रार.

आणि चार दिवसांत नंबर बघायला बसू नका. गूगलवाल्यांनीच पूर्वी सांगितलंय, असल्या कामाचा परिणाम दिसायला 4 महिने ते 1 वर्ष लागतं.

सीतलामाता_भाचा

बघा, आला का नाही हप्त्यांवर! गंमत करतोय. मामा म्हणतोय एकदा दुकानात या, पैसे घेत नसाल तर निदान घरी साडी घेऊन जा.

चकलीवाली_ताई

अभिप्रायाच्या बदल्यात नाही ना? 😄

रामबागचे_नाना

माझं एक राहिलं. 11 स्मरणिका आहेत, प्रत्येकी 80-90 पानं. ते रूपांतर झाल्यावर डोळ्याखालून कोण घालणार? माझा मोतीबिंदू आहे.

चकलीवाली_ताई

नाना, 2 अंक माझ्याकडे द्या. पण दिवाळी झाल्यावर.

लोकमान्यनगर_वाचक

गिरण्यांचा अंक मला द्या. माझे वडील तिथेच होते.