व्हॉयनिच हस्तलिखित: लाटेरी काठ म्हणजे आकाश, की नुसती नक्षी?

धागाकर्ता: येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातलं हे सचित्र हस्तलिखित, क्रमांक ४०८. त्याची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, तेव्हा चित्रांतल्या खुणांवर बोलू. ६८व्या फोलिओच्या (म्हणजे पानाच्या) मागच्या बाजूला घडीच्या पानावर मधलं वर्तुळ तीन भागांत कापलंय: एक अर्धा, दोन पाव. मध्ययुगीन युरोपात जगाच्या नकाशात आशिया, युरोप, आफ्रिका असेच काढत. त्याभोवती ढगांसारखा लाटेरी काठ. पंधराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत हा काठ म्हणजे पृथ्वी आणि स्वर्ग यांमधली सीमा. माझ्या मते ही शोभा नाही, खूण आहे. जिथे जिथे काठ येतो, तिथे हाच अर्थ घ्यावा.

बोरूबहाद्दर: नकाशापर्यंत मान्य. ‘जिथे जिथे’ अमान्य! स्नान करणाऱ्या स्त्रियांच्या पानांवरही तसलाच काठ दिसतो. तिथेही स्वर्गच का? शिवाय त्या काळी ढालींवरच्या चिन्हांतही ही रेघ निव्वळ किनार म्हणून यायची. आकार तोच राहतो, काम बदलतं.

शाईदौत: दोघंही रंगाला भुलताय. निळा रंग अझुराइट या निळ्या खनिजाचा आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो रेघेबाहेर सांडलाय. आधी शाई वेगळी काढा. ग्रंथालयाचं मोठं स्कॅन घ्या, चित्र-संपादकात फक्त निळी वाहिनी (चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळा) उघडा. निळा रंग फिका पडतो, तपकिरी शाई गडद राहते. हिरव्यासाठी हिरवी वाहिनी. मग जेवढ्या लाटा शाईत दिसतील तेवढ्याच मोजायच्या. समोरच्या पानावरून उमटलेले डागही लोक चिन्हं म्हणून मोजतात. संशय आला की समोरचं पान आरशासारखं उलटवून वर ठेवा. डाग जुळला तर यादीतून बाद. अर्थात मूळ बांधणीत ती पानं समोरासमोर होती असं नाही, म्हणून न जुळलेला डाग लगेच ‘चिन्ह’ होत नाही.

धागाकर्ता: मोजणी मान्य. पण कार्बन-कालमापन हस्तलिखिताचा काळ १४०४ ते १४३८ सांगतं, म्हणजे संदर्भ त्याच काळातला घ्यायला हरकत काय?

शाईदौत: तो काळ ज्यावर लिहिलंय त्या कातड्याचा. रेघ त्यानंतरची, रंग त्याहूनही नंतरचा असू शकतो.

चर्यावाला: हीच घाई नऊ वर्तुळांच्या घडीच्या पानावर होते. तिथल्या किल्ल्याच्या चर्या (तटावरचे दाते) पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या, तशा उत्तर इटलीत दिसतात, म्हणून लगेच हस्तलिखितही ‘उत्तर इटली’चं. आता राशिचक्रातला धनू पाहा: अर्धा घोडा नव्हे, आडधनुष्य घेतलेला साधा माणूस. तसा धनू जर्मन भाषिक प्रदेशातल्या पंचांगांत सापडतो. एक खूण आल्प्सच्या दक्षिणेला नेते, दुसरी उत्तरेला. एकट्या चर्येवर गाव ठरवू नका.

बोरूबहाद्दर: आणि एकट्या लाटेवर स्वर्गही. काठाच्या आत तारे आहेत का, बाहेर लेखन कोणत्या दिशेने फिरतं, हे प्रत्येक पानावर नोंदवा. तारे फक्त नकाशाच्या पानावर निघाले, तर तुमचा नियम त्या एका पानापुरता.

धागाकर्ता: ठीक. ६८ मागची बाजू आणि ७५ ते ८४ एवढे फोलिओ आधी. निळ्या वाहिनीतच मोजतो.