दोन स्क्रीन, दोन स्केल : विंडोज ११ मध्ये अक्षरं पुसट, माउस अडतो, विंडो सापडत नाही

जोडकेबल (प्रश्न)

लॅपटॉप १४ इंची, १९२०×१०८०, स्केल (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १५०%. त्याला एचडीएमआय केबलने २७ इंची मॉनिटर, २५६०×१४४०, स्केल १००%. मांडणी ‘एक्स्टेंड’, म्हणजे दोन्ही स्क्रीन मिळून एकच सलग डेस्कटॉप. मॉनिटर डाव्या बाजूला, लॅपटॉप उजव्या बाजूला, मुख्य स्क्रीन लॅपटॉपची. विंडोज ११, अपडेट सगळे झालेले.

१) स्टॉक नोंदीचा एक जुना प्रोग्रॅम मोठ्या मॉनिटरवर पुसट दिसतो. ब्राउझर त्याच मॉनिटरवर स्वच्छ आहे. तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवर ओढला की ठीक.
२) माउस एका स्क्रीनवरून दुसरीवर नेताना काही जागी भिंत असल्यासारखा अडतो.
३) मॉनिटर काढून लॅपटॉप घरी नेला की तो प्रोग्रॅम चालू होतो, टास्कबारवर दिसतो, पण विंडो कुठेच नसते.
४) फाइल एक्सप्लोररमध्ये उजवीकडे आत-आत गेलं तरी डावीकडची यादी जागची हलत नाही. डाउनलोड्स फोल्डर तारखांचे गट पाडून दाखवतं, तेही नको आहे.
५) ऑफिसात १२ पानांची असलेली मराठी फाइल या लॅपटॉपवर वेगळ्या पानसंख्येची होते. फॉन्ट मंगल.

विंडोज पुन्हा टाकायची नाही. नेमकं कुठे काय बदलायचं?

रेषा_अक्षर

पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो. ब्राउझर स्वच्छ आहे म्हणजे केबल आणि मॉनिटर बहुधा निर्दोष, तरी अर्ध्या मिनिटात खात्री करून घ्या. सेटिंग्ज → सिस्टम → डिस्प्ले → ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे बाहेरचा मॉनिटर निवडा. ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ या दोन्ही ओळींत २५६०×१४४० दिसायला हवं. आकडे वेगळे असतील तर चित्र वाटेत ताणलं जातंय आणि मग सगळंच पुसट दिसणार. ‘कलर फॉरमॅट’ आरजीबी हवा. तिथे वायसीबीसीआर ४२२ किंवा ४२० असेल तर रंगीत अक्षरांच्या कडा विस्कटतात, कारण त्या प्रकारात रंगाची माहिती प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र मिळत नाही.

हे ठीक असेल तर दोष डीपीआयच्या, म्हणजे इंचाला किती ठिपके धरायचे याच्या, हिशेबात आहे. विंडोजच्या लेखी १००% म्हणजे ९६ डीपीआय आणि १५०% म्हणजे १४४. काही प्रोग्रॅमना स्केल ही भानगडच माहीत नसते. ते कायम ९६ धरून चित्र काढतात आणि विंडोज ते ताणते. काही प्रोग्रॅम एकदाच विचारतात, ‘मुख्य स्क्रीनचा डीपीआय किती?’, आणि शेवटपर्यंत तोच धरून बसतात. नवे प्रोग्रॅम प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं चित्र काढतात, म्हणून ब्राउझर दोन्हीकडे चांगला दिसतो.

तुमचा कुठल्या जातीचा आहे ते अंदाजाने ठरवू नका. टास्क मॅनेजर उघडा, ‘डीटेल्स’मध्ये जा, स्तंभांच्या शीर्षकावर उजवं क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, आणि ‘डीपीआय अवेअरनेस’वर खूण करा. प्रोग्रॅमच्या ओळीत ‘अनअवेअर’, ‘सिस्टम’ की ‘पर-मॉनिटर’ लिहिलंय ते सांगा. उपाय त्यावरच ठरेल.

सरळमार्ग

एवढं कशाला? दोन्ही स्क्रीनना कस्टम स्केलिंगमध्ये १२५ टाका, साइन आउट करा. स्केल सारखं झालं की पुसटपणा जातो.

रेषा_अक्षर

पुसटपणा जाईल हे खरं, पण डोळ्यांना त्रास होईल. १४ इंची फुल एचडीची घनता इंचाला सुमारे १५७ पिक्सेल, २७ इंची २५६०×१४४० ची सुमारे १०९. कस्टम आकडा सगळ्याच स्क्रीनना लागू होतो. १२५ वर लॅपटॉपची अक्षरं बारीक होतील आणि मॉनिटरवरची कारण नसताना मोठी. एका प्रोग्रॅमसाठी दोन्ही स्क्रीन बिघडवू नयेत.

जोडकेबल

दोन्ही मोड २५६०×१४४०, रंग आरजीबी. डीपीआय अवेअरनेसच्या स्तंभात ‘सिस्टम’ लिहिलंय.

रेषा_अक्षर

मग चित्र स्पष्ट आहे. साइन इन करताना मुख्य स्क्रीन लॅपटॉपची होती, त्यामुळे प्रोग्रॅमने १४४ धरला. मॉनिटरवर ९६ लागतो, म्हणून विंडोज तयार चित्र दोन-तृतीयांश करते. तीन पिक्सेल दोनांत कोंबायचे म्हटल्यावर एक पिक्सेल जाडीची रेघ राखाडी होणारच. देवनागरीत सगळ्यात आधी शिरोरेघ आणि अनुस्वार जातात.

प्रोग्रॅम मुख्यतः मॉनिटरवर वापरत असाल तर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे मॉनिटरच मुख्य करणं. सेटिंग्ज → सिस्टम → डिस्प्ले, मॉनिटरचा चौकोन निवडा, ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर खूण करा. मग साइन आउट करून परत साइन इन करा. नुसता प्रोग्रॅम बंद-चालू करून भागत नाही, कारण हा आकडा साइन इनच्या वेळी ठरतो. म्हणून केबलही साइन इनच्या आधी जोडलेली असू द्या.

रोज जोड-काढ असेल तर ही अट जाचक होते. त्यासाठी प्रोग्रॅमच्या मूळ फाइलवर उजवं क्लिक → प्रॉपर्टीज → कम्पॅटिबिलिटी → ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. वरच्या ‘प्रोग्रॅम डीपीआय’ भागात खूण करा आणि खालच्या यादीतून ‘आय ओपन धिस प्रोग्रॅम’ निवडा. आता प्रोग्रॅम उघडताना जी स्क्रीन मुख्य असेल तिचा डीपीआय घेतला जाईल.

त्याच चौकटीत खाली ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेविअर’ आहे. तिथे ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर विंडोज चित्राला हात लावत नाही. तुमचा प्रोग्रॅम १४४ धरूनच बसला असेल तर मॉनिटरवर अक्षरं स्वच्छ येतील, पण दीडपट मोठी. ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ फक्त जीडीआय (विंडोजची चित्र काढायची जुनी पद्धत) वापरून अक्षरं काढणाऱ्या प्रोग्रॅमना उपयोगी पडतो. जुने स्टॉकचे, हिशेबाचे प्रोग्रॅम बरेचसे त्यातले असतात, म्हणून करून बघण्यासारखा आहे. अक्षरं सुधारतील, चित्रं आणि बटणांवरचे आयकॉन पुसटच राहतील. एका वेळी एकच खूण बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

कडेकडेने

माउस आणि हरवलेली विंडो, दोन्हींचं मूळ एकच. विंडोज दोन स्क्रीन एका मोठ्या आलेखकागदावर ठेवते आणि मोजमाप पिक्सेलमध्ये करते. टेबलावरचे सेंटिमीटर तिला कळत नाहीत.

मॉनिटर १४४० पिक्सेल उंच, लॅपटॉप १०८०. म्हणजे ३६० पिक्सेलच्या पट्ट्याला शेजारी कोणी नाही. तिथेच तुमची भिंत आहे. डिस्प्ले सेटिंग्जमधले १ आणि २ हे चौकोन ओढून टेबलावरच्या मांडणीसारखे लावा. लॅपटॉप सहसा खाली असतो, तेव्हा दोन्हींच्या तळकडा जुळवल्या की भिंत मॉनिटरच्या वरच्या भागात जाते आणि फारशी आड येत नाही. ‘अप्लाय’ दाबायला विसरू नका. शिवाय ‘मल्टिपल डिस्प्लेज’मध्ये ‘ईज कर्सर मूव्हमेंट बिट्वीन डिस्प्लेज’ चालू ठेवा, म्हणजे शेजारी नसलेल्या पट्ट्यातूनही कर्सर पलीकडे सरकतो.

पलीकडे जाताना कर्सर वर-खाली उडी मारतो, ती मात्र कायम राहील. मॉनिटरची उंची सुमारे ३३.६ सेमी, लॅपटॉपच्या स्क्रीनची १७.४. तळापासून ५ सेमीवर कडा ओलांडलीत तर लॅपटॉपवर कर्सर साधारण साडेतीन सेमीवर निघतो.

आता विंडो. मॉनिटर मुख्य स्क्रीनच्या डावीकडे असल्यामुळे त्यावरच्या सगळ्या आडव्या जागा ऋण आकड्यांत येतात, उदाहरणार्थ उणे १८००. प्रोग्रॅम बंद होताना ही जागा लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी डोळे मिटून तिथेच उघडतो. उघड्या विंडो विंडोज मॉनिटर काढल्यावर परत आणते, पण स्वतःची जागा स्वतः ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला ती वेळेवर अडवत नाही.

परत आणायला आधी ऑल्ट + टॅबने प्रोग्रॅम निवडा आणि विंडोज की + डावा बाण दाबा. बहुतेकदा विंडो स्क्रीनच्या अर्ध्या भागात येऊन चिकटते. नाही आली तर ऑल्ट + स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि आता माउस हलवा. विंडो कर्सरला चिकटून येते, क्लिक करून सोडा. इथे लोक बाण दाबायचा विसरतात आणि मग नुसता माउस हलवून काही होत नाही. विंडो मॅक्सिमाइझ असेल तर ‘मूव्ह’ फिकट दिसतं, तेव्हा ऑल्ट + स्पेस, आर करून आधी लहान करा.

सापडल्यावर ती लॅपटॉपच्या स्क्रीनवर असतानाच प्रोग्रॅम नीट बंद करा, म्हणजे नवी जागा लिहिली जाईल. पुढे मॉनिटर काढण्यापूर्वी विंडोज की + शिफ्ट + उजवा बाण दाबून ती लॅपटॉपवर आणायची सवय ठेवा.

केबल जोडलेली आणि मॉनिटर फक्त बटणाने बंद असेल तर विंडोज त्याला अनेकदा हजरच धरते आणि विंडो तिकडेच उघडतात. तेव्हा विंडोज की + पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा.

वाटाड्या_फोल्डर

डावीकडची यादी: तिच्यातल्या मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करा आणि ‘एक्स्पांड टू करंट फोल्डर’वर खूण करा. मोकळी जागा सापडत नसेल तर वरच्या तीन टिंबांतून ‘ऑप्शन्स’ → ‘व्ह्यू’, यादीच्या अगदी तळाशी ‘एक्स्पांड टू ओपन फोल्डर’ आहे. तिथेच ‘जनरल’मध्ये ‘ओपन फाइल एक्सप्लोरर टू’ समोर ‘धिस पीसी’ निवडलंत तर उघडताक्षणी ‘होम’ येणार नाही. वर जायला ऑल्ट + वरचा बाण. बॅकस्पेसने वरचं फोल्डर मिळत नाही, मागे जिथे होतात तिथे जाता.

डाउनलोड्समध्ये उजवं क्लिक → ‘ग्रुप बाय’ → ‘नन’. तारखेचे गट हे विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासूनचं ठरावीक वळण आहे, बिघाड नाही. एवढं करूनही ब्राउझरच्या ‘सेव्ह ॲज’ विंडोत गट दिसतच राहतील, कारण त्या विंडो स्वतःची मांडणी वेगळी लक्षात ठेवतात. तिथेही एकदा ‘नन’ करावं लागतं.

मंगलबद्दल: फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं म्हणून फॉन्ट आहे असं समजू नका. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नाही, तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात आहे. कोकिळा, अपराजिता, उत्साह हेही त्यातच. मूळ संचात निर्मला यूआय असतो. मंगल नसला की बदली फॉन्ट येतो, त्याची ओळीची उंची वेगळी, आणि पानं सरकतात. ऑफिसच्या संगणकावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली असेल, त्यासोबत हे फॉन्ट आपोआप येतात. तुम्ही सेटिंग्ज → सिस्टम → ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ते नाव शोधून बसवा, इंटरनेट चालू हवं. वर्ड बंद करून उघडा आणि पानं मोजा.

जोडकेबल

मंगल नव्हताच. बसवल्यावर फाइल १२ पानांवर आली. माउस तळकडा जुळवून सुरळीत. प्रोग्रॅमसाठी मॉनिटर मुख्य केला आणि ‘आय ओपन धिस प्रोग्रॅम’ निवडलं, मॉनिटरवर अक्षरं आता कोरीव दिसतात. एकच राहिलं: मॉनिटर जोडलेला असताना तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवर ओढला की आता तिथे मऊ दिसतो.

रेषा_अक्षर

ते होणारच, आता ९६ चं चित्र दीडपट ताणलं जातंय. लॅपटॉपवर काम करायचं तेव्हा केबल काढून प्रोग्रॅम बंद करून उघडा. तेव्हा मुख्य स्क्रीन लॅपटॉपची असेल आणि तो १४४ घेईल. एकाच वेळी दोन्हीकडे हवा असेल तर ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ करून बघा. त्यानेही अक्षरं सुधारली नाहीत तर प्रोग्रॅम जीडीआयने अक्षरं काढत नाही, आणि मग बनवणाऱ्याकडून नवी आवृत्ती येईपर्यंत बाहेरून काही करता येणार नाही.