मदत हवी आहे : प्राणिशास्त्रात बीएस्सी, पहिली नोकरी माळरानावरची हवी

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, यंदा प्राणिशास्त्रात बीएस्सी झाले. घरचे बीएड कर म्हणतात. मला मात्र लांडग्यांवर काम करायचंय. नान्नजचं अभयारण्य 1979 साली माळढोकासाठी झालं, पण त्याच माळावर लांडगे आणि काळवीटही आहेत. कॉलेजच्या प्रकल्पात तिथली लांडग्याची वाळलेली विष्ठा हातात घेऊन पाहिली. पांढुरकी, केसांनी भरलेली, मध्ये हाडाचे बारीक तुकडे. त्या केसांवरून त्यानं काळवीट खाल्लं की धनगराची मेंढी, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. हेच काम रोज करायला मिळावं असं फार वाटतं.

पशुवैद्यकाची पदवी नाही, त्यामुळे उपचाराचं काम मला करता येणार नाही, हे माहीत आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत प्रकल्प सहायक घेतात. तिथे एमएस्सीशिवाय कुणाला संधी मिळालीय का? जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी नवख्यांना काय काम देतात? पगार कमी चालेल, पण राहायची सोय हवी. मेंढपाळांशी बोलायचं काम असेल तर फारच आवडेल. कुणी अशी नोकरी केली असेल तर अर्ज कुणाकडे, कसा केला ते कृपया सविस्तर सांगा.