मदत हवी आहे: पिनियनचा प्रीलोड रात्रीत उतरला, पुन्हा खोलू का?

नमस्कार मंडळी,

गाडीचा मागचा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा संच) खोलून बसलोय. पिनियनची (क्राउन या मोठ्या गिअरला फिरवणाऱ्या लहान गिअरची) दोन्ही बेअरिंगं कपांसकट, म्हणजे बाहेरच्या कड्यांसकट नवीन, क्रश स्लीव्हही (नट आवळला की चेपणारी, दोन बेअरिंगांमधली नळी) नवीन. मॅन्युअलमध्ये नव्या बेअरिंगसाठी प्रीलोड (बेअरिंगांवर आधीच दिलेला दाब, पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरावरून मोजलेला) १.७ ते २.८ न्यूटन-मीटर दिलाय.

एवढा बारीक आकडा दाखवणारा टॉर्क पाना माझ्याकडे नाही. म्हणून पिनियनच्या टोकाच्या फ्लँजला (गोल तबकडीला) दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढतो. दोरी केंद्रापासून ६ सेंमीवर बसते. सुरुवातीचा झटका सोडून देतो आणि फ्लँज एका चालीने फिरत असतानाचाच आकडा धरतो. क्राउन बाहेर आहे, ऑइल सील अजून बसवलेलं नाही, बेअरिंगांना गिअर ऑइल लावलंय.

पहिली स्लीव्ह माझ्याच हातून गेली. नट लांब पाइप लावून आवळत होतो. पिनियनची आत-बाहेर खटखट थांबली, तिथेच थांबायला हवं होतं, पण मी आणखी पाव फेरा दिला. काटा थेट ९ किलोवर! नट सैल करून उपयोग नव्हता. चेपलेली स्लीव्ह परत ताणत नाही आणि नटावर ताणच उरत नाही. ती फेकली.

दुसरी मात्र जपून चेपली. नट जरासा आवळायचा, पिनियन दोन्हीकडे फिरवायचा, मोजायचं, पुन्हा जरासा. ४ किलोवर थांबलो. म्हणजे २४ किलो-सेंमी, साधारण २.४ न्यूटन-मीटर. खूप बरं वाटलं. सकाळी हाताने पन्नासेक फेरे देऊन पुन्हा मोजलं, तर काटा अडीच किलोवर, म्हणजे जेमतेम १.५. हाताला खेळ लागत नाही, खरखरही नाही.

मला शंका आहे ती क्राउनकडच्या कपाची. तो पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोकून बसवला होता आणि शेवटी आवाजही भरीव आला होता. पण कप काढायच्या खाचेतून बघितलं तर एका बाजूला ०.०५ मिमीची फीलर पात (फट मोजायची पातळ पट्टी) कपामागे शिरते, दुसऱ्या बाजूला नाही. कप खरंच तिरका असेल तर पिनियनची खोलीसुद्धा (तो क्राउनकडे किती आत बसतो ते) चुकलेली असणार, आणि मग शिमचं (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचं) सगळं माप पुन्हा घ्यावं लागेल.

नव्या बेअरिंगचे रोलर बसताना प्रीलोड एवढा उतरतो का? ही स्लीव्ह अजून चेपायला वाव आहे, तेव्हा नट आणखी आवळून ४ किलोवर आणणं योग्य, की सगळं काढून आधी कप नीट बसवू? आणि खोलायचंच असेल तर क्रश स्लीव्हऐवजी शिमवाला अखंड (न चेपणारा) स्पेसर कोणी घरी बसवलाय का? त्याच्या शिम कशा ठरवल्यात?

तोवर नटाला हात लावत नाही.